किती आली?

गांधीबाग म्हटलं की विदर्भातल्या माणसाला कापड आठवतं. लग्नसराईच्या आधी गोंदिया, चंद्रपूर, बालाघाट, राजनांदगावकडचे दुकानदार इथं उतरतात, गादीवर बसून थानं उलगडून घेतात आणि माल बांधून परत निघतात. औषधांचा ठोक धंदाही याच पट्ट्यात चालतो, हे मात्र बाहेरच्याला सांगावं लागतं. गंजीपेठेतला संदेश दवा बाजार चालत जाण्याच्या अंतरावर आहे. इकडे आमच्या बाजूलाही कापडाच्या दुकानांच्या मधे एखादा औषधांचा स्टॉकिस्ट सापडतो. अशाच एकाकडे मी बिलिंग करते. वरच्या माळ्यावर ठोकचं काम, खाली रस्त्याला लागून त्याच मालकांचं किरकोळ मेडिकल. दिवसभर मी वर असते आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळी खालच्या काउंटरवर येऊन बसते.

आमचं खरं काम दुपारी बारा ते तीन. कामठी, उमरेड, काटोल, भंडारा इथल्या मेडिकलवाल्यांच्या ऑर्डरी फोनवर आणि व्हॉट्सॲपवर येतात. संध्याकाळच्या गाडीत माल चढवायचा तर तीनच्या आत बिलं निघाली पाहिजेत. बॅच नंबर, एक्स्पायरी, स्कीम, मागच्या वेळचा परतीचा माल, सगळं त्या बिलात बसवायचं. फ्रिजचा माल सगळ्यात शेवटी. इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं, म्हणून बाकीची पेटी बांधून झाली की मगच ते बाहेर काढायचं आणि थर्माकोलच्या डब्यात जेल पॅकच्या मधे ठेवायचं. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या पुढं गेला की त्या डब्यावरून रोज एखादा तरी वाद ठरलेला. गार पोचलं नाही, परत घ्या.

मी स्वतःही शुगरची पेशंट आहे. दहा-बारा वर्षं होत आली. आधी मेटफॉर्मिन, मग सोबत ग्लिमेपिराइड, आणि आता दोन वेळचं इन्सुलिन, सकाळी नाश्त्याआधी आणि रात्री जेवणाआधी. लोकांना वाटतं, हिला काय, औषधाच्या दुकानातच बसते. औषध खरेदीच्या भावात, माहिती फुकटात. खरं आहे ते. 40 युनिटच्या व्हायलला लाल टोपीची सिरिंज लागते आणि 100 युनिटच्या व्हायलला नारिंगी टोपीची. 100 चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने घेतलं तर डोस अडीचपट होतो, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण माहीत असणं वेगळं आणि रोज सकाळी उठून ते करत राहणं वेगळं. माहिती संपल्यामुळे कोणी थकत नाही.

डॉक्टरांच्या खोलीत मधुमेह म्हणजे औषध, आहार आणि व्यायाम. घरी आणला की त्याची दिवसभराची कामं होतात. पोळ्या दोन की तीन. भात आज की उद्या. मेट्रोने अग्रसेन चौकापर्यंत यायचं, की एक स्टेशन आधी चितारओळीला उतरून चालायचं. आणि चाललं तर डबा खायच्या आत शुगर उतरेल का. औषध कंपनीचा एमआर आला की सोबत संत्रा बर्फीचा डबा आणतो, तेव्हा नाही म्हणायचं की अर्धी घ्यायची, आणि अर्धी घेतली तर ती कोणाच्या नजरेसमोर घ्यायची. पाय दुखतो तो उभं राहून की नसांमुळे. डोळ्यांची तपासणी या वर्षी झाली का. सुई बदलली का. मिक्स इन्सुलिन घेतलं की दुपारचं जेवण वेळेवर लागतं, नाहीतर शुगर एकदम खाली येते. आणि माझ्या कामात दुपारची वेळ हीच सगळ्यात वाईट. यातलं कुठलंच काम अवघड नाही. ही कामं बंद होत नाहीत, एवढंच त्यांचं वाईट.

आमचा बाजार उधारीवर चालतो. पार्टी कितीही चिवट असली तरी दिवाळीला खातं एकदा समोरासमोर बसून मिटतं आणि नवी वही निघते. शुगरच्या खात्याला ती दिवाळी नाही. आज सगळं चुकतं केलं तरी उद्या सकाळी उपाशीपोटी तेवढंच येणं पुन्हा उभं.

आणि ज्या आकड्यासाठी हे सगळं चाललेलं असतं, तो आकडा तरी किती आपल्या हातात? तोच डबा, तेवढंच इन्सुलिन, तेवढंच चालणं, आणि एक दिवस 140 येते, दुसऱ्या दिवशी 210. रात्रीची झोप, अंगातली कणकण, घरातलं भांडण, पाळी जाण्याच्या वयातले बदल, सगळं त्यात उतरतं. घरच्या मशीनचीही आपली एक मोकळीक असते. ग्लुकोमीटरसाठी जगभर जे प्रमाण धरलं जातं, त्यानुसार 100 च्या वरच्या आकड्यात 15 टक्के इकडंतिकडं झालं तरी मशीन पास. म्हणजे मशीनवर 200 दिसले तर रक्तात 175 असू शकतात, 230 सुद्धा असू शकतात. स्ट्रिपच्या डब्या विकणाऱ्या आम्हाला हे माहीत असतं. तरी घरी 200 दिसले की मी आदल्या रात्रीच्या जेवणाची उलटतपासणी घ्यायची. कधी तरी 110 आली तर ती नशिबाने, आणि 200 आली तर ती माझ्यामुळे, असा हिशोब मी स्वतःशी कित्येक वर्षं केला.

मागच्या वर्षी 22 सप्टेंबरला हे सगळं एकाच दिवशी अंगावर आलं. 2025 ची घटस्थापना त्या दिवशी होती, आणि त्याच दिवसापासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला. ग्लुकोमीटर आणि स्ट्रिपसुद्धा 5 वर आल्या. पेपरात बातमी छान होती. ठोकच्या दुकानात त्याचा अर्थ असा होता की गोडाउनमधल्या मालावर जुनी एमआरपी, कंपन्यांच्या सुधारित याद्या ईमेलवर, सॉफ्टवेअरमध्ये नवे दर, आणि फोनवर प्रत्येक मेडिकलवाल्याचा एकच प्रश्न: आमच्याकडच्या जुन्या मालाचं काय जी? माझा नवरात्रात उठता-बसता उपवास असतो, पहिला आणि शेवटचा दिवस. डॉक्टरांना विचारून सकाळचा डोस कमी केला होता, दर दोन तासांनी काय खायचं तेही ठरवून घेतलं होतं. ठरवलेलं सगळं त्या फोनखाली गेलं. चारच्या सुमारास हात थरथरायला लागले, मानेखाली घाम, स्क्रीनवरच्या ओळी एकमेकींत शिरायला लागल्या. मशीनवर 58. 70 च्या खाली म्हणजे शुगर लो. तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. पॅकिंगच्या पोराने ग्लासभर साखरपाणी आणून माझ्या हाताला धरून पाजलं आणि वर म्हणाला, "ताई, तुमाले तर सारं मालूम आहे, मंग काहून असं करता?"

त्याच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. घरी गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, उपवास मोडला. मुलगी म्हणाली, कोणी सांगितला होता करायला. नवरा म्हणाला, आता किती आहे? तिघांची माया आहे माझ्यावर, हे मला त्या क्षणीही कळत होतं. मी उत्तर दिलं नाही. मशीन कपाटात ठेवलं.

पुढं दिवाळी गेली, कार्तिक गेला. मशीन कपाटातच. इन्सुलिन मी सोडलं नाही, हे आधी सांगून टाकते, कारण ते सोडल्याने काय होतं हे मी काउंटरवरून पाहिलेलं आहे. पण बाकी सगळं सुटलं. चालणं सुटलं, तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची एचबीएवनसी तपासणी टळली, डबा भूक लागेल तेव्हा. आधी शुगर जास्त आली की वाईट वाटायचं. नंतर नंतर चांगली आली तरी भीती वाटायची, की आता ही उद्या टिकवायची. शेवटी काहीच वाटेनासं झालं. बिलं मात्र एकही चुकत नव्हती. मालक म्हणायचे, ताईंचं काम एकदम चोख. माणूस एका बाजूने चोख राहून दुसऱ्या बाजूने बंद पडू शकतो, आणि कोणाला पत्ता लागत नाही. लोक याला आळस म्हणतात, बेफिकिरी म्हणतात. मी तसं म्हणायला तयार नाही. इतकी वर्षं सुट्टी न घेता काम करणाऱ्या माणसाने खाली बसकण मारली, तर आधी कामाचे तास विचारावेत.

खालच्या काउंटरवर बसायला लागल्यापासून मी अशी बसकण मारलेली बरीच माणसं ओळखू शकते. ती काही सांगत नाहीत. त्यांची खरेदी सांगते. दर महिन्याला स्ट्रिपची डबी नेणारा माणूस एकदम नुसत्या गोळ्या न्यायला लागतो. पंधरा-वीस रुपयांची एक स्ट्रिप, पैशाचं कारण असतंच. पण पैशाचं कारण सांगणारा माणूस भाव विचारतो, घासाघीस करतो. थकलेला माणूस भावसुद्धा विचारत नाही. कापडाच्या दुकानात उभ्याने माल दाखवणारे एक काका आहेत. दिवसभर गिऱ्हाइकासोबत चहा होतो, तोही भरपूर साखरेचा, आणि गिऱ्हाइकासमोर 'मला बिनसाखरेचा' म्हणायचं त्यांना जड जातं. ते मला एकदा म्हणाले, "बाई, मी डॉक्टरकडं जातो तवा शाळेत प्रगतिपुस्तक दाखवायला चाललो असं वाटते." आता ते डॉक्टरकडे जात नाहीत. जुन्या चिठ्ठीवर गोळ्या मागतात. काउंटरवर नवी चिठ्ठी आणा म्हणणं माझं काम आहे. ते म्हणताना मला माझाच आवाज ऐकू येतो.

आणि एक आई आहे. तिच्या मुलाला टाइप 1 मधुमेह. माझ्या आजाराने निदान मला मोठ्या वयात गाठलं; त्या पोराच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी ते अन्नपाण्याइतकंच. दिवसाला चार इंजेक्शनं धरली तर वर्षाला 1460. नागपुरात अशा गरीब घरांतल्या मुलांसाठी डॉ. शरद पेंडसे यांनी 1995 मध्ये ड्रीम ट्रस्ट सुरू केला, जिथं मुलांना इन्सुलिन मिळतं आणि घरच्यांना ते वापरायचं शिक्षणही. फ्रिज नसलेल्या घरी इन्सुलिन ओल्या मातीच्या मडक्यात कसं गार ठेवायचं, अशा साध्या गोष्टींवर अशा घरातलं पोर तगतं. 1922 च्या जानेवारीत टोरंटोला लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं, त्याआधी हा आजार झालेली मुलं वाचतच नसत. शंभर वर्षांत मरणाची भीती मागं हटली, हे मोठंच काम झालं. पण ती आई माझ्याशी बोलताना मुलाच्या शुगरबद्दल बोलत नाही. ती म्हणते, रात्री तीनला उठून त्याला हात लावून पाहते, घाम आहे का. वर्षानुवर्षं रात्री तीनला उठणारी बाई दिवसा कशी असेल, हे कुठल्या रिपोर्टवर येत नाही.

खरं तर येऊ शकतं, आणि हे मला फार उशिरा कळलं. हिवाळ्यात शेवटी मी डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि एक छापील कागद पुढं केला. वीस प्रश्न. मधुमेहासोबत जगायचं म्हटलं की मन खचतं का, खाण्यापिण्यावर सतत लक्ष ठेवून वैताग येतो का, पुढं काय होईल याची भीती वाटते का, उपचारात चुकलं की अपराधी वाटतं का, रोज एवढी शक्ती घालवून पार थकून गेल्यासारखं वाटतं का, अशा धाटणीचे. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. बेरजेला सव्वाने गुणायचं म्हणजे शंभरपैकी आकडा येतो, आणि तो 40 किंवा त्याहून जास्त आला तर ताण गंभीर. मी हिशोबातली बाई, मनातल्या मनात बेरीज करत गेले आणि अर्ध्या कागदावरच कळलं की आपण 40 ओलांडले.

ही प्रश्नावली 1995 मध्ये अमेरिकेत विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. पुढं 2005 मध्ये सतरा प्रश्नांची आणखी एक आली. तिच्यात हा ताण चार ठिकाणी शोधतात: आजाराचं ओझं, पथ्यपाण्याचं ओझं, घरच्यांशी आणि मित्रांशी होणारी घासाघीस, आणि डॉक्टरांशी नीट न जुळणं. मला ही वाटणी फार पटली. माझ्यापुरतं म्हणायचं तर दुसरं आणि तिसरं खातं भरलेलं होतं, पहिलं जेमतेम, चौथं रिकामं. कापडवाल्या काकांचं चौथं खातं ओसंडून वाहत असणार. सगळ्यांना 'टेन्शन घेऊ नका' ही एकच गोळी देऊन काय होणार?

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. हे नैराश्यच असेल असं नाही. नैराश्यात सगळ्याच गोष्टींवरचं मन उडतं. या थकव्यात बाकी आयुष्य चालू असतं, बिलं निघत असतात, लग्नाला जाणं होतं, फक्त मधुमेहाचं नाव काढलं की आतून दार लागतं. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून विचारावं लागतं. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शिकेत आता या ताणाची नियमित विचारपूस करावी असं लिहिलेलं आहे. भारतासह 17 देशांत झालेल्या डॉन-2 नावाच्या पाहणीत मधुमेह असलेल्यांपैकी जवळपास 45 टक्के लोकांना हा ताण होता. आयसीएमआरच्या 2023 च्या अहवालाप्रमाणे भारतात मधुमेह असलेले 10 कोटींवर लोक आहेत. गुणाकार मी करत नाही, दोन वेगळ्या पाहण्यांचे आकडे असे गुणू नयेत. पण गांधीबागेतल्या एका काउंटरवर एवढे थकलेले चेहरे का दिसतात, याचं आता मला नवल वाटत नाही.

घरच्यांबद्दल थोडं लिहिते, कारण तिसरं खातं तेच. मधुमेह झालेल्या माणसाला आपल्याकडे दोन गोष्टी न मागता मिळतात, सल्ला आणि पाळत. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, मेथ्या, आणि आमच्या विदर्भात रात्रभर पाणी ठेवून सकाळी प्यायचा बिजाच्या लाकडाचा पेला. माझ्याकडे असे तीन पेले भेट आलेत. इन्सुलिन लागलं म्हटल्यावर एका नातेवाईकाने असा चेहरा केला की मीच त्यांचं सांत्वन केलं. हळदीकुंकवाला वाण देताना बाई म्हणते, तुम्हाला तिळगूळ चालत नाही ना, आणि मग सगळ्यांसमोर माझ्या ताटलीत शेंगदाणे. मागच्या मारबतीला आमची पोरं मिरवणूक बघून परत आली. इतवारी-महालात काळी आणि पिवळी मारबत निघते तेव्हा लोक रोगराई, इडापिडा सगळी तिच्या नावाने ओरडून गावाबाहेर काढतात. पोरं हसत म्हणाली, "ताई, तुमची शुगर पण पाठवून देल्ली जी आम्ही मारबतीसंगं." वर्षभरात माझ्या शुगरबद्दल ऐकलेलं ते एकमेव बोलणं होतं, जे ऐकून मला हसू आलं. त्यात मला काही करायला सांगितलेलं नव्हतं.

मग काय केलं, असं कोणी विचारलं तर सांगण्यासारखं फार थोडं आहे, आणि त्यातलं धाडसी असं काहीच नाही. डॉक्टरांनी विचारलं, सगळ्यात जास्त कंटाळा कशाचा येतो? मी म्हटलं, बोट टोचायचा, आणि त्याहून जास्त, टोचल्यावर उत्तर द्यायचा. त्यांनी तपासण्याच कमी केल्या. रोज कधीही, वाटेल तेव्हा, घाबरून तपासायचं बंद. आठवड्यातले ठरलेले दिवस, त्या दिवशी जेवणाआधी आणि जेवणानंतर दोन तासांनी अशी जोडी, म्हणजे त्या आकड्यातून काही शिकता येतं. बाकीच्या दिवशी लो वाटलं तरच. हे माझ्यापुरतं ठरलेलं आहे. तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरेल, आणि टाइप 1 वाल्यांना तर इतकी मोकळीक घेता येत नाही. पण तपासणी कमी करण्याचा सल्ला डॉक्टर देऊ शकतात, हेच मला माहीत नव्हतं. दर वेळी काहीतरी वाढवूनच बाहेर यायचं, अशी माझी समजूत होती.

घरी काम वाटलं. रविवारी आठवड्याच्या गोळ्या खणाखणाच्या डबीत भरणं नवऱ्याकडे. सुया आणि कार्ट्रिज संपत आले का हे बघणं मुलीकडे. दिसायला क्षुल्लक कामं, पण लक्षात ठेवायचं ओझं माझ्या डोक्यातून उतरलं, आणि त्यांनाही माझ्यासाठी काहीतरी करायला मिळालं. आधी त्यांच्या हातात फक्त विचारणं होतं, म्हणून ते विचारत होते. घरात एक नियम झाला: मी बाहेरून आल्यावर पहिला प्रश्न 'किती आली?' नसेल. आकडा सांगायचा असेल तर मी सांगेन. नवऱ्याला हे जमायला वेळ लागला. सवय होती, आणि काळजी व्यक्त करायला दुसरं वाक्य त्याच्याकडे नव्हतं. पहिले काही दिवस तो नुसता समोर उभा राहायचा. मग 'मेट्रोत गर्दी होती का' वर आला.

कामाच्या जागी जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लेखांत सगळे घरातल्या पथ्याबद्दल लिहितात, दिवसाचे नऊ-दहा तास माणूस जिथं असतो त्याबद्दल कोणी लिहीत नाही. मी मालकांना सांगितलं की एक वाजता मी अर्धा तास उठणार, फोन कोणीतरी घ्यावा. एवढं वाक्य बोलायला मला कित्येक वर्षं लागली होती, कारण आपल्यामुळे गाडी चुकली असं कोणी म्हणू नये. ते म्हणाले, अहो मग आधीच बोलायचं ना. आता पॅकिंगचा मोठा पोरगा एक ते दीड फोन घेतो, ऑर्डर कागदावर उतरवतो. गाडी चुकलेली नाही. टेबलाच्या खणात ग्लुकोजचं पाकीट असतं आणि ते कशासाठी आहे हे माळ्यावरच्या सगळ्यांना माहीत आहे. पण दर मालकाकडून असं ऐकायला मिळेल, असं मी म्हणणार नाही. गांधीबागेत गादीवर उभ्याने काम करणाऱ्या सगळ्यांना जेवायला एक वाजता उठता येत नाही, आणि तिथं पेशंटला 'वेळेवर जेवा' असं लिहून देणं म्हणजे चिठ्ठी चुकीच्या माणसाच्या नावाने लिहिणं आहे. ती मालकाच्या नावाने हवी.

शुगर सुधारली का? थोडी. तीन महिन्यांची सरासरी खाली आली, हवी तितकी नाही. कधी कंटाळा परत येतो. संक्रांतीच्या सुमारास आठवडाभर आलाच होता. आता तो आला की मी त्याला रिपोर्टवरच्या बाकीच्या ओळींसारखी एक ओळ समजते आणि पुढच्या भेटीत सांगते. डॉक्टर लिहून घेतात.

धंद्याच्या बाजूने पाहिलं तर हा काळ मधुमेहाच्या पेशंटला चांगला आहे. 2022 मध्ये सिटाग्लिप्टिनचं पेटंट संपलं. मार्च 2025 मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं संपलं आणि साठ रुपयांच्या आसपासची गोळी काही कंपन्यांनी दहा रुपयांच्या घरात आणली. त्या आठवड्यात आमचे फोन थांबत नव्हते, आणि मला मनापासून आनंद झाला होता. पण जिचा सप्लाय कुठल्याच कंपनीकडून येत नाही ती गोष्ट म्हणजे थकलेल्या माणसाची विचारपूस. ती आमच्यासारख्या काउंटरवाल्यांना बिनखर्चाची करता येते, म्हणून शेवटी माझ्याच व्यवसायातल्या लोकांना सांगते. दर महिन्याला स्ट्रिप नेणारं गिऱ्हाईक अचानक न्यायचं बंद झालं तर त्याला भाषण देऊ नका, आकडा विचारू नका. एकदा फक्त विचारा, कंटाळा आला का? हो म्हणालं तर ते डॉक्टरांना याच शब्दांत सांगायला सांगा. आणि ज्यांना आजारापलीकडेही सगळंच नकोसं झालं असेल, त्यांच्यासाठी टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. आमच्या काउंटरवर तो नंबर एक्स्पायरीच्या पाटीखाली चिकटवलेला आहे. तुमच्याही लावा.